गोडी छाटणीनंतरचा पाऊस

मुंबईत पाऊस वेळेवर आला की कुर्ल्याचे हाल होतात. रुळांवर पाणी चढतं, मिठी फुगते, स्टेशनाबाहेर गाळ साचतो. पण ही धास्ती जून ते सप्टेंबरची. नवरात्र बसलं की कुर्लेकर छत्री माळ्यावर टाकून मोकळा होतो. त्याच कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटलेली गाडी कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावून थळ घाट चढते, इगतपुरी ओलांडते आणि नाशिकच्या पठारावर येते, तेव्हा पावसाचा हिशेब उलटा झालेला असतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला जुलैतल्या पावसाचं फारसं काही वाटत नाही. त्याची झोप उडते ती नवरात्रानंतर, ढग रेंगाळले की.

नाशिकच्या वाइनबद्दल बोलताना आपण बहुधा मोठ्या नावांबद्दल बोलतो. राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये सावरगावला वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, २००० मध्ये त्यांच्या सुला वायनरीची पहिली बाटली बाजारात आली, २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि विंचूरला वाइन पार्क उभं राहिलं. हा इतिहास बऱ्याच वाचकांना ठाऊक असतो. या प्रकरणात पाहायची आहे ती छोटी वायनरी: दहा-पंधरा एकर बाग, शेडमध्ये मोजक्या स्टीलच्या टाक्या, बाजूला थोडी ओक पिंपं आणि मालकच अर्धा शेतकरी, अर्धा वाइनमेकर. अशा वायनरीतून दर वर्षी एखादी नवी वाइन निघते. कधी रोझे, कधी फेसाळ, कधी दोन जातींचं मिश्रण. बाटलीच्या मागच्या लेबलवर तिच्या जन्माची कथा मोठ्या प्रेमाने लिहिलेली असते. माझ्या मते त्यातल्या निम्म्या कथांचा खरा लेखक ऑक्टोबर-नोव्हेंबरचं आभाळ असतं.

हे कसं घडतं, ते समजून घ्यायला वेलीपासून सुरुवात करावी लागते. फ्रान्समधली वेल हिवाळ्यात पानं टाकते, झोपते आणि वसंतात आपली आपण फुटते. नाशिकची थंडी तिला झोपवण्याइतकी कडक नाही, म्हणून इथे वेलीचं वर्ष माणूस कात्रीने आखतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. जुन्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीपर्यंत, काढून टाकायच्या आणि नवी काडी वाढवायची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. तयार काडीवर मोजके डोळे राखायचे, बाकीची छाटायची आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायची. मग जानेवारी ते मार्च काढणी. युरोपात सप्टेंबरात तोडलं जाणारं द्राक्ष आपल्याकडे मकर संक्रांत ते होळीच्या दरम्यान तोडलं जातं. यात फायदाही आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे बऱ्यापैकी गार असतात. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा चार-पाच अंशांवर उतरला की वर्तमानपत्रात बातमी येते. दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळाला की मण्यात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो.

पण पिकाचं भवितव्य गोडी छाटणीच्या कितीतरी आधी ठरायला लागतं. एप्रिलच्या छाटणीनंतर फुटलेल्या काडीवरच्या डोळ्यांत, साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात, पुढच्या घडाचा सूक्ष्म अंकुर तयार होतो. त्या दिवसांत डोळ्यावर भरपूर ऊन पडायला हवं. आभाळ भरून राहिलं आणि जमिनीत ओल जास्त झाली, तर वेल पानं आणि काडी वाढवत सुटते आणि डोळ्यात घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे आधार धरणारा तंतू, बनते. २०२५ मध्ये नेमकं हेच झालं. त्या वर्षी २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला, नोंदी आहेत तेव्हापासूनचा सर्वांत लवकर. कुर्ल्यात तो दिवस लोकल कशा चालल्या यासाठी लक्षात राहिला. नाशिक-सांगलीच्या बागांमध्ये मेभर अवकाळी पाऊस आणि लगेच मोसमी पाऊस अशी सलग ओल राहिली. ऑक्टोबरात छाटणी करून काडी फुटली, तेव्हा अनेक बागांत घडच कमी दिसले. ज्या दिवशी नुकसान झालं त्या दिवशी ते कुणालाच दिसलं नव्हतं. ते दिसायला पाच महिने गेले, आणि तोवर खत, औषधं, मजुरी यांवर नेहमीइतकाच खर्च होऊन गेला होता.

गोडी छाटणीनंतरचे दिवस तर बोटांवर मोजायचे. पहिल्या पंधरवड्यात डोळा फुगतो, कापसासारखा दिसतो, मग पोंगा बाहेर येतो. इथे पाऊस लागला तर घड जिरतो, म्हणजे डोळ्यातून घड निघता निघता त्याची बाळी होते. पाच-सात पानांवर आलेल्या फुटीला डाऊनी पटकन धरतो. साधारण चाळिसाव्या दिवसाच्या आगेमागे फुलोरा येतो. तेव्हा दोन दिवस संततधार राहिली तर फुलांची गळ आणि कूज दोन्ही होतात. सकाळी बागेत गेलं की घडाखाली बारीक हिरवट चुरा पडलेला दिसतो. बागायतदार तो चिमटीत घेऊन बघतो आणि काही न बोलता पुढच्या ओळीत जातो.

डाऊनी म्हणजे केवडा. पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग दिसतो, पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. तिचे बीजाणू पानावरच्या पाण्यात अक्षरशः पोहतात, त्यामुळे पान किती तास ओलं राहिलं यावर सगळं अवलंबून असतं. युरोपातले द्राक्षबागायतदार एक जुना ठोकताळा सांगतात: तापमान दहा अंशांवर, पाऊस दहा मिलिमीटर, फूट दहा सेंटिमीटर, म्हणजे रोग आलाच समजा. त्यांच्याकडे या तिन्ही गोष्टी एकत्र येण्याची वाट पाहावी लागते. दिंडोरीत ऑक्टोबरला तापमान दहाच्या वर असतंच आणि फूट दहा सेंटिमीटरची व्हायला दोन आठवडे पुरतात. उरतो फक्त पाऊस.

या रोगावरचं पहिलं खात्रीचं औषध अपघातानेच सापडलं. डाऊनी अमेरिकेतून फ्रान्समध्ये शिरला तो १८७८ च्या सुमारास. बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं वाटसरूंनी चोरू नयेत म्हणून मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडायची तिकडच्या बागायतदारांची पद्धत होती. त्या निळ्या ओळींत रोग दिसत नाही, हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जगापुढे मांडलं. तेच आपलं बोर्डो. दीडशे वर्षं होत आली तरी नाशिकचा शेतकरी पावसाची चाहूल लागली की आधी बोर्डोचाच विचार करतो. अडचण फवारायची असते. पाऊस झाल्यावर काळ्या मातीत ट्रॅक्टरचं चाक रुतलं की ब्लोअर बागेत जातच नाही, आणि औषध तर त्याच बारा तासांत मारायचं असतं. मग माणसं पाइप ओढत, चिखल तुडवत, रात्री बॅटरीच्या उजेडात फवारतात.

मोठ्या वायनरीला हे सोसतं, कारण तिची द्राक्षं एकाच शिवारातून येत नाहीत. दिंडोरी, निफाड, चांदवड, इगतपुरी अशा वेगवेगळ्या भागांतल्या शेतकऱ्यांशी तिचे करार असतात. एका टापूत गारा पडल्या तर दुसऱ्या टापूतून माल येतो. छोट्या वायनरीच्या डोक्यावर एकच आभाळ. समजा, कुणाची दहा एकर बाग आहे. वाइनचं द्राक्ष मुद्दाम कमी धरतात, एकरी पाच टनांच्या आसपास, म्हणजे झाले पन्नास टन. एका टनातून साडेसहाशे लिटर धरले, तर साडेबत्तीस हजार लिटर वाइन आणि सुमारे त्रेचाळीस हजार बाटल्या. पावसाने निम्मं पीक नेलं तर बाटल्याही निम्म्या. पण टाक्यांचा हप्ता, परवान्याचं शुल्क, कामगारांचा पगार आणि चिलरचं वीजबिल यांतलं काहीच निम्मं होत नाही. त्यात हवामानावर आधारित फळपीक विम्याचा हिशेब महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर होतो. टेकडीच्या या बाजूला पडलेला पाऊस त्या बाजूच्या यंत्रात नोंदला गेला नाही तर भरपाईही नाही. शेतकऱ्यांची ही तक्रार जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते.

अशी वर्षं काही अपवादाने येत नाहीत. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आलं आणि त्याचा पाऊस थेट नाशिकच्या बागांवर पडला. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर गारपीट झाली, तीही ऐन काढणीच्या तोंडावर. २०१९ मध्ये मोसमी पाऊस माघारी फिरायलाच ऑक्टोबर उजाडला. पाठोपाठ क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळं अरबी समुद्रात घोंगावली. त्यातून वाचलेला माल टाकीत गेला न गेला तोच मार्च २०२० ची टाळेबंदी आली, हॉटेलं आणि वायनऱ्यांच्या चवदालनांना कुलपं लागली. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड-दिंडोरी भागात गारांचा खच पडला. बागलाणातले शेतकरी तर चांगल्या भावासाठी जून-जुलैतच अर्ली छाटणी करतात आणि पावसाशी जुगार जाणूनबुजून खेळतात. वाइनवाल्याला मात्र या जुगारातून जास्तीचा भाव मिळत नाही; त्याने तो खेळावा असं कारणच नाही.

खाण्याच्या द्राक्षाला अशा वर्षी एक आधार असतो: उरलेला माल कमी प्रतीचा म्हणून विकता येतो, बेदाणा करता येतो. वाइनवाल्याकडे असलेली युक्ती वेगळी आहे. त्याला द्राक्षाच्या अवस्थेप्रमाणे वाइनच बदलता येते. नवी वाइन जन्मते ती इथे.

पावसाचा अंदाज आहे, घडात कूज सुरू झाली आहे आणि शिराझची साखर अजून एकोणीस ब्रिक्सवर आहे, असं धरू. ब्रिक्सचा एक अंश म्हणजे ढोबळमानाने अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त अल्कोहोल. भरदार लाल वाइनला तेवीस-चोवीस ब्रिक्स हवेत, शिवाय साल आणि बियाही पिकलेल्या हव्यात. थांबलं तर पाऊस पाणी भरून मणी फोडणार. तोडलं तर लाल वाइन पातळ आणि हिरवट लागणार. अशा वेळी शहाणा माणूस पहाटे चारला मजूर बोलावून माल तोडतो आणि लाल वाइनचा नाद सोडतो. सालीसकट काही तासच ठेवून रस काढला की फिकट गुलाबी रोझे होते. कच्च्या सालीतला तुरटपणा तिच्यात उतरत नाही आणि उरलेला आंबटपणा गुणात जमा होतो. शेनँ ब्लाँ अठरा ब्रिक्सवर तोडावी लागली तर ती फेसाळ वाइनच्या पायाला चालते, कारण फेसाळ वाइनला साखर कमी आणि आंबटपणा जास्त हवाच असतो. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातून आलेली ही जात नाशिकला एवढी का मानवली, त्याचं एक कारण हेच. लवकर तोडली तर फेसाळ, वेळेवर तोडली तर साधी पांढरी, उशिरापर्यंत वेलीवर टिकली तर गोड वाइन. कोणत्याही अडचणीत तिच्याकडे काहीतरी उत्तर असतं.

पीक कमी आलं तर उलटही होतं. वेलीवर घड थोडे, नोव्हेंबरनंतर आभाळ स्वच्छ, अशा वर्षी उरलेल्या मण्यांत रस दाट उतरतो. मग जे थोडं वेगळं चांगलं निघालं, ते एखाद-दुसऱ्या पिंपात घालून ‘रिझर्व’ म्हणून विकता येतं. एकेका जातीचा माल एक टाकी भरण्याइतका नसला की दोन-तीन जाती एकत्र आंबवतात. लेबलवर तो ‘खास ब्लेंड’ होतो. यात फसवणूक काही नाही. बोर्दोतही जाती मिसळायची सवय लागली ती कुठलीही एक जात दर वर्षी साथ देईल याचा भरवसा नसल्यामुळेच.

बागेतला पाऊस टाक्यांपर्यंत येतो तो असा. भुरी या दुसऱ्या बुरशीरोगासाठी उशिरा गंधक फवारलं असेल तर ते सालीवरून टाकीत उतरतं, यीस्ट त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतं आणि एका सकाळी टाकीचं झाकण उघडल्यावर सडक्या अंड्यांचा भपकारा येतो. घाबरून जायचं नसतं. आधी वाइनला हवा द्यायची. वास तरीही राहिला तर लिटरमागे मिलिग्रॅमच्या अंशात मोरचूद घालायचा, तोच बोर्डोतला. तांबं गंधकाला धरून तळाशी बसतं. बागेत ज्याने बुरशी अडवली, त्याचीच चिमूटभर टाकीत वास काढते. तेही मोजून-मापून, कारण जास्तीचं तांबं वाइन बिघडवतं. कुजके घड आत येऊ नयेत म्हणून सरकत्या पट्ट्याशी बसून बाया एकेक घड निवडतात. पावसाळी वर्षी हेच काम सर्वांत महाग पडतं आणि तिथे कंजुषी केलेली वाइन पहिल्या घोटालाच ओळखू येते. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर ठेवायचं याचं तिथलं मार्गदर्शन निर्यातदारांसाठी म्हणून जास्त ओळखलं जातं. पण ते यीस्टच्याही कामाचं आहे, कारण बुरशीनाशकाचा अंश रसात राहिला तर आंबवणच रखडतं.

हवामानाशी जुळवून घेण्याचा दुसरा मार्ग म्हणजे जातच बदलणं. निफाडच्या रेव्हेलो वायनरीने सिसिलीच्या नेरो दाव्होला आणि ग्रिल्लो या उन्हाला सरावलेल्या जाती लावल्या. अकलूजच्या फ्रातेल्लीने इटालियन भागीदारांबरोबर सांजोव्हेजे आणली. काहींनी तर द्राक्षाचीच वाट सोडली. पालघर जिल्ह्यात बोर्डीला हिल झिल वाइन्सने चिकूची वाइन काढली, आणि नाशिकमध्ये सेराना मीड्सने मधापासून मीड बनवायला घेतलं. चिकूला गोडी छाटणी नाही, मधाला डाऊनी नाही. वाइनच्या कट्टर शौकिनाला हे पाखंड वाटेल. एकाच पिकावर आणि एकाच महिन्यावर संसार टांगून ठेवण्यापेक्षा मला ते शहाणपणाचं वाटतं.

आभाळाखेरीज बाजारही हंगाम बुडवतो, आणि तो जास्त खोल बुडवतो. २००८ च्या मंदीनंतर आणि मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर हॉटेलांतला खप आटला. श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला उभी केलेली शातो इंडाज, जिच्या फेसाळ वाइनने भारतीय वाइनचं नाव बाहेर नेलं होतं, त्याच सुमारास कोलमडली. करारावर विसंबून वाइनची द्राक्षं लावलेल्या अनेकांनी उभ्या बागा तोडल्या. वाइनचं द्राक्ष टपोरं नसतं, त्याला बिया असतात आणि साल जाड असते. कारखान्याने नाकारलं की बाजार समितीत त्याला कुणी विचारत नाही. छोटी वायनरी स्वतःची द्राक्षं स्वतःच गाळते, त्यामागे ही आठवणही असते.

कुर्ल्याचा आणि द्राक्षाच्या रसाचा संबंध मात्र या सगळ्या उद्योगाहून जुना आहे. पोर्तुगीज काळात बांधलेलं आणि १८४८ मध्ये पुन्हा उभारलेलं होली क्रॉस चर्च इथेच आहे आणि त्याच्या आसपास जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्या आहेत. या समाजात नाताळ आणि लग्नकार्यासाठी घरी वाइन करायची परंपरा आहे: काळी द्राक्षं किंवा मनुका, साखर, यीस्ट आणि चिनी मातीची बरणी. पाऊस जास्त झाला आणि द्राक्षं आंबट निघाली तर इथे फारसं बिघडत नाही. साखर थोडी वाढवली की झालं. मालही त्याच नाशिकच्या पट्ट्यातून वाशीच्या बाजारात आलेला असतो. वायनरीला ही सोय नाही. तिच्या बाटलीवर द्राक्षाचं साल छापलेलं असतं, आणि त्या सालाच्या पावसाचा जाब तिला द्यावा लागतो.

हे साल कुर्ल्यातल्या गिऱ्हाइकाने वाचायला हवं. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, त्यावर गदारोळ झाला आणि तो निर्णय कागदावरच राहिला. त्यामुळे छोट्या वायनरीची बाटली आजही बहुतेक दारूच्या दुकानातल्या फळीवरच मिळते, आणि त्या फळीवर मे महिन्यात पस्तीस अंशांचा उकाडा असतो. लवकर तोडलेल्या द्राक्षांची हलकी पांढरी किंवा रोझे अशा उकाड्यात वर्षभरात ताजेपणा हरवते. म्हणून अशा वाइनची बाटली सर्वांत अलीकडच्या सालाची घ्यावी, दुकानाच्या दाराशी उन्हात मांडलेली घेऊ नये आणि दोन-तीन महिन्यांत उघडून संपवावी. कमी पिकाच्या वर्षाची लाल वाइन मिळाली तर ती मात्र घरातल्या गार, अंधाऱ्या जागी दोन-तीन वर्षं आडवी ठेवायला हरकत नाही.